वाचताना अडणाऱ्या पोरांच्या आईबापांना सोबत कोणाची?

मागच्या अंकात मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, की आमच्याकडे डिस्लेक्सिया (म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखन जड जाणं) असलेल्या मुलांच्या पालकांचा एक छोटा ग्रुप आहे आणि तो चालवणाऱ्यांत डॉक्टर कोणी नाही, दोन आया, एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर काका आणि मी. एवढ्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही पत्रं, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काहींनी तर वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवलाय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि कोणाचं नाव छापलेलं नाही कारण आपल्या गावात नाव छापलं की संध्याकाळपर्यंत ते नाक्यावर पोचतं.

देवगड तालुक्यातून एक ताई विचारतात : मी बीए आहे, घरी ट्यूशन घेते. अकरा मुलांपैकी तिघांना मला वाटतं नक्की डिस्लेक्सिया आहे. त्यांच्या आयांना घेऊन तुमच्यासारखा ग्रुप सुरू करायचाय. सुरुवात कशी करू? लोक येतील का?

ताई, पहिलं सांगते ते जरा कडू लागेल. त्या तिघांना डिस्लेक्सिया आहे असं तुम्ही कोणालाही सांगायचं नाही, त्यांच्या आयांना तर मुळीच नाही. तो शब्द उच्चारायचं काम तपासणी करणाऱ्याचं. तुम्हाला जे डोळ्यांनी दिसतंय तेवढंच सांगा. म्हणजे असं, की बाई गो, तुझा मुलगा चौथीत आहे, भ आणि म मध्ये अजून अडकतो, वाचताना ओळ सुटते, फळ्यावरचं उतरवून घ्यायला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ घेतो, पण तोंडी विचारलं तर फटाफट सांगतो. एवढं ऐकून कुठलीही आई म्हणते, हो, घरी पण असंच. मग डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा, कारण नंबरचा चष्मा लागल्यावर सुटलेली एक केस आमच्याकडे आहे आणि त्या बिचाऱ्या पोरीला वर्षभर आम्हीच 'तसली' समजत होतो. पहिली-दुसरीतल्या मुलाबद्दल तर घाईच करू नका, त्या वयात सगळीच थोडी उलटसुलट लिहितात.

आता लोक येतील का. मी पहिल्या वेळी उत्साहात 'डिस्लेक्सिया मार्गदर्शन मेळावा' असा कागद दुकानाच्या दारावर चिकटवला होता. दोघी आल्या, त्यातली एक माझी भावजय. दुसऱ्या वेळी कागद नाही काही नाही, एकेकीला रस्त्यात गाठून सांगितलं की अभ्यासावरून ज्यांच्या घरात रोज रडारड होते त्यांनी रविवारी चहाला या, तर नऊ जणी आल्या आणि एक आजी. जागा शाळेची घेऊ नका, आईबाप शाळेत आले की आपोआप हात बांधून उभे राहतात. देवळाच्या सभामंडपात पण नको, येणारा जाणारा विचारतो काय चाललंय. कोणाच्या तरी घरची पडवी किंवा खळं बरं.

आणि तारखा बघून ठरवा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आंबा सुरू झाला की मार्च ते मे तुमच्याकडे माणूस मिळणार नाही. शिमगा आणि गणपतीचे दिवस तर सोडूनच द्या. जुलैत लावणी. पण किनाऱ्यावरच्या वाड्यांत नेमकं उलटं आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटी बंद असतात, तेव्हा वडीलमंडळी घरी जाळी विणत बसलेली असतात, आणि ज्या घरात वडील एकदा तरी मीटिंगला येऊन बसले त्या घरातली मारहाण कमी झालेली मी बघितली आहे. म्हणून खारवी-गाबीत वाड्यांत पावसात घ्या आणि शेतीच्या गावात भात घरात आल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी.

पहिल्या मीटिंगला भाषण नको. आम्ही फक्त एक प्रश्न फिरवतो, काल अभ्यास किती वाजता सुरू झाला आणि रडणं किती वाजता. एकजण म्हणते साडेसात आणि सात चाळीस, दुसरी म्हणते आमचं रडणं आधी सुरू होतं अभ्यास नंतर, मग सगळ्या हसतात आणि त्यातल्याच दोघी डोळे पुसतात. बस, तेवढं झालं की ग्रुप झाला. सल्ले दुसऱ्या मीटिंगपासून.

बाकी तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात (शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र) समावेशित शिक्षणाचे, म्हणजे अडचण असलेल्या मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवण्यासाठीचे, विशेष शिक्षक असतात, त्यांना जाऊन भेटा, शाळेतल्या बाईंना बरोबर घेऊन गेलात तर उत्तम. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं ना, त्यांच्या यादीत शिकण्यातली अडचण हाही भाग आहे, फक्त दात आणि खरूज नाही. पथक येण्याआधी त्या मुलांची नावं बाईंकडून लिहून ठेवून घ्या, नाहीतर रांगेत उभं राहिलेलं गुटगुटीत पोर बघून कोणाला काय कळणार.

मालवणच्या एका मच्छीमार बंधूंचं पत्र, त्यांच्याच भाषेत : आमचो झील पाचवीत आसा. पुस्तक घेतल्यान की तेका घाम येता. पण बोटीर गेलो तर जीपीएस बघता, इंजिनाचो आवाज ऐकान सांगता काय बिघाडला ता. गुरुजी सांगतत घरात मालवणी बोलतास म्हणान असा होता. खरा काय?

नाही. मालवणी बोलायचं बंद करू नका, हात जोडून सांगते. घरात मालवणी आणि शाळेत पुस्तकी मराठी यामुळे मुलाला नवे शब्द शिकायला थोडा वेळ लागेल, पण वाडीतली बाकीची पोरंही मालवणीच बोलतात आणि ती वाचतात ना? डिस्लेक्सियात घोळ वेगळा असतो. बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाने सुटे करणं आणि त्या तुकड्यांना अक्षराची जोड लावणं, ही जी गोष्ट बाकीच्यांच्या मेंदूत काही वर्षांत आपोआप बसते ती या मुलांना जड जाते. हुशारीशी त्याचा संबंध नाही, आळसाशी तर नाहीच. ही ओळख काही आजकालची पण नाही, रुडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनं १८८७ मध्ये हा शब्द वापरला आणि १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं, खेळात पुढे, बाकी सगळं समजणारा, पण वाचता न येणारा. त्याचे मास्तर म्हणायचे की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. तुमच्या बोटीवर पण तेच चाललंय की.

आपली लिपी उच्चाराप्रमाणे आहे म्हणून मराठीत ही अडचण येत नाही असं बरेच शिक्षक म्हणतात. इंग्रजीपेक्षा सोपी आहे हे मान्य, पण जरा मुलाच्या जागी बसून बघा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि म्हणायची मात्र क नंतर. 'कर्म' मधला र म्हणायचा म च्या आधी आणि काढायचा म च्या डोक्यावर. र तर किती रूपं घेतो, चक्र मध्ये पायात, ट्रक मध्ये वेगळाच पायात, अर्धा मध्ये डोक्यावर. तुमच्याच घरातला शब्द घ्या, 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, दोन्हीत र आणि य च आहेत, फक्त र चं चित्र वेगळं. घ-ध, भ-म, थ-य, ब-व हे तर जुळे भाऊ. आणि 'ख' घाईत लिहिला की 'रव' होतो हे आपल्या सगळ्यांचंच झालेलं आहे. ज्याला आकार आणि आवाज यांची गाठ पटकन बसत नाही त्याला हे पान म्हणजे आठ दिवस पाण्यात राहिलेलं जाळं, कुठून सोडवायचं तेच कळत नाही.

तुमच्या मुलाला नक्की काय आहे ते मी पत्रावरून सांगू शकत नाही, तपासणी करून घ्या, पुढच्या उत्तरात त्याबद्दल लिहिलंय. तोवर एवढंच करा की रोज रात्री पुस्तक त्यानं नाही, घरातल्या कोणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं ऐकायचं. ज्ञान डोळ्यांनीच आत गेलं पाहिजे असा काही नियम नाही. आणि 'बोटीवर हुशार आहे म्हणजे शाळा कशाला' याकडे कृपा करून वळू नका. हुशार आहे म्हणूनच तर.

जाता जाता एक माझी तक्रार : मीटिंगमध्ये भिंतीवर आइनस्टाइनचा फोटो लावून 'यांनाही डिस्लेक्सिया होता' असं लिहिण्याची जी पद्धत पडलीये ती बंद करा. एकतर त्याला होता याला धड पुरावा नाही, आणि होता समजा, तरी सातवीतल्या मुलीला त्याचा काय उपयोग, तिला उद्याच्या भूगोलाच्या पेपरची भीती वाटतेय.

रत्नागिरी जिल्ह्यातून एक आई : मुलगी आठवीत आहे. खाजगी मानसतज्ज्ञांनी लर्निंग डिसेबिलिटी असा रिपोर्ट दिलाय, शाळा म्हणते हा चालणार नाही, सरकारी सर्टिफिकेट आणा. घरचे म्हणतात अपंगाचं सर्टिफिकेट घेतलं तर लग्नाला अडचण येईल. आमच्याकडच्या स्वयंसेवक ताई म्हणतात घ्याच. काय करू?

शाळेचं म्हणणं बरोबर आहे, रिपोर्ट आणि सर्टिफिकेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रिपोर्ट फेकू नका, तो फाइलमध्ये लागतो, पण सवलती मिळतात त्या सरकारी प्रमाणपत्रावर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (हीच लर्निंग डिसेबिलिटी, डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) हा एक आहे, म्हणजे ही काही कोणी दया म्हणून दिलेली गोष्ट नाही. प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर मिळतं, अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. बुद्ध्यांक बघतात, आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी घेतात, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केलेली चाचणी त्यासाठी वापरतात. अक्षमता ४० टक्के किंवा जास्त असेल तर कायद्यातल्या बऱ्याचशा सवलतींना पात्र. केंद्राच्या नियमांप्रमाणे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करायची आणि १८ व्या वर्षी मिळालेलं कायमचं. तुमची मुलगी आठवीत म्हणजे तेरा-चौदाची, तेव्हा डॉक्टरांना हे आधीच विचारून घ्या, नाहीतर आत्ता घेतलेलं सहा महिन्यांत परत करायला लागायचं.

आता आमच्या कंडक्टर काकांचं तत्त्वज्ञान. ते म्हणतात गाडी पकडण्याआधी गाडी आहे का ते विचारा. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे तुम्हाला रत्नागिरी आणि आमच्याकडे सिंधुदुर्गात ओरोस, कुठल्या वारी या तपासणीची माणसं असतात, सगळी एकाच दिवशी भेटतात का, आणि मराठी माध्यमातल्या मुलीची चाचणी मराठीतून होते का, हे तीन प्रश्न फोन करून विचारल्याशिवाय घरातून निघायचं नाही. आमच्याकडची एक आई दोडामार्गाहून तीन वेळा रिकाम्या हाती परत गेली, तिचा रोज बुडाला तो कोण भरून देणार? तेव्हापासून काका स्वतः आदल्या दिवशी फोन लावतात आणि फाइल बघतात : आधार, शाळेचा दाखला, दोन वर्षांचे निकाल, बाईंचं पत्र, डोळे-कानाचे कागद, मुलीच्या चुकांच्या वहीची चार पानं, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि वरून प्लास्टिकची पिशवी कारण आपल्याकडचा पाऊस. कधीकधी जिल्ह्यात सोय होत नाही आणि मुंबईला पाठवतात, तिथे सायन हॉस्पिटलमध्ये यासाठी जुनं क्लिनिक आहे. मग चाकरमानी नातेवाइकाकडे मुक्काम, आणि जे नातेवाईक एरवी गणपतीत आपल्याकडे दहा दिवस राहतात त्यांना दोन दिवस मागायला लाजायचं काही कारण नाही!

सवलती मिळतात त्या म्हणजे जादा वेळ (केंद्राच्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं म्हटलंय, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास), गरज असेल तर लेखनिक, आणि काही विषयांत सूट किंवा बदल. दहावीला हे सगळं मुख्याध्यापकांमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे जातं. म्हणून नववी संपायच्या आत कागद हातात पाहिजे, दहावीच्या जानेवारीत धावपळ करणाऱ्या आईबापांचे चेहरे मला बघवत नाहीत.

लग्नाचं. माझं मत स्पष्ट आहे पण निर्णय तुमचा आणि तुमच्या मुलीचा, तिला विचारलंत का? चौदा वर्षांची मुलगी आहे, तिचं म्हणणं असणार. कागद कपाटात असतो, कपाळावर छापत नाहीत. पण तुमच्या स्वयंसेवक ताईंना माझा निरोप द्या, 'घ्याच' हा शब्द आपल्याला नाही. सर्टिफिकेट घेतल्यावर काय होतं, न घेतल्यावर काय होतं हे दोन्ही नीट सांगायचं, बरोबर जायचं असेल तर जायचं, आणि घरातल्यांनी नाही म्हटलं तरी पुढच्या रविवारी त्या आईला चहाला बोलवायचं. सर्टिफिकेट न घेणाऱ्या घरांना ग्रुपमधून हळूच बाजूला काढणारे लोक मी पाहिलेत, आणि ते फार वाईट आहे.

सावंतवाडीहून एक गटप्रमुख : दोन वर्षं ग्रुप चालवतेय, आता दमले. रात्री अकराला फोन येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कोणीतरी स्मरणशक्तीचं टॉनिक नाहीतर मेंदूचा कोर्स टाकतं. एका वडिलांनी तर सगळ्यांसमोर विचारलं की दोन वर्षांत माझा मुलगा का सुधारला नाही. सोडून द्यावंसं वाटतं.

सोडा की. खरंच सांगते, महिनाभर सोडा आणि बघा काय होतं. ग्रुप बंद पडला तर तो ग्रुप नव्हता, तुमच्या एकटीच्या जिवावर चाललेली खानावळ होती. मी हे हसण्यावारी नेत नाही, माझंही असंच झालेलं. मी रिटायर्ड शिक्षिका, मला वाटायचं माझ्याशिवाय कोणाला काही येत नाही, मग पाय मोडला आणि दीड महिना घरात बसले तेव्हा त्या दोन आयांनी मीटिंगा घेतल्या आणि मला कळलं की माझ्यापेक्षा बऱ्या घेतल्या, कारण त्या बोलतात कमी.

फोनचं म्हणाल तर आमच्याकडे ठरलंय, रात्री नऊनंतर कोणी उचलत नाही, आणि हे पहिल्याच मीटिंगला सांगतो. अपवाद एकच, मूल किंवा आई जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल तर. तेव्हा फोन उचलायचा, घरातल्या दुसऱ्या माणसाला लगेच जागं करायचं, आणि सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन आहे १४४१६, चोवीस तास, ती लावून द्यायची. आपण एकटीनं ते अंगावर घ्यायचं नाही.

टॉनिकवाले. आमच्या ग्रुपवर एका ताईंनी डोळे बांधून बोटांनी वाचायला शिकवणाऱ्या कोर्सची जाहिरात टाकली होती, फी हजारांत. मी रागारागात काहीतरी लिहिलं आणि त्या ताई ग्रुप सोडून गेल्या, आता वाटतं चुकलं माझं. अशा वेळी आई टॉनिक विकत घेत नसते, ती आशा विकत घेत असते. आता आम्ही ग्रुपवर औषध, कोर्स, तेल, रंगीत चष्मा काहीही आलं की फक्त एवढंच विचारतो, हे केल्यावर कोणाचं वाचन सुधारलेलं तुम्ही स्वतः पाहिलंय का, आणि पैसे परत मिळतात का. बहुतेक वेळा पुढे मेसेज येत नाही. अजून एक नियम करा, मुलाच्या वहीचा किंवा मुलाचा फोटो ग्रुपवर नाही. तो मुलगा उद्या अकरावीत जाईल आणि तो फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल.

त्या वडिलांचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी तुम्हाला क्लासवाली समजून विचारलं. त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं की तुम्ही शिकवायला बसलेल्या नाही आहात, तुम्ही सोबत आहात. आपल्याकडे पूर्वी रात्री वाडीत जायचं तर कोणाला तरी म्हणायचे 'सोबतीक ये गो', मग तो माणूस चूड पेटवून बरोबर चालायचा, वाट काही तो छोटी करून देत नसे. हे पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं, तुमच्याकडून राहिलं, माझ्याकडूनही दोन-तीनदा राहिलंय. आता त्यांनाच पुढच्या मीटिंगचं काम द्या, खुर्च्या लावायचं का होईना.

गुहागरचे एक निवृत्त गुरुजी : वेळ आहे, अनुभव आहे, या मुलांना फुकट शिकवायची इच्छा आहे. कोणती पद्धत वापरावी? आमच्या काळी दहा वेळा लिहून घ्यायचो.

गुरुजी, नमस्कार. दहा वेळा लिहून मीही घ्यायचे. १९९० च्या आसपास माझ्या वर्गातल्या एका मुलाकडून 'विद्यार्थी' हा शब्द मी शंभर वेळा लिहून घेतला होता. त्यानं पहिल्यांदा चुकीचा लिहिला आणि उरलेले नव्व्याण्णव वेळा ती चूक घोटून पक्की केली. मोठा झाल्यावर तो मला बाजारात भेटला, हसून म्हणाला बाई, अजून येत नाही. मी मासे न घेता घरी आले.

पद्धतीचं म्हणाल तर अमेरिकेत १९३० च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन नावाचे मेंदूचे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी जी दिशा दाखवली तीच अजून वेगवेगळ्या रूपांत वापरतात, म्हणजे अक्षर एकाच वेळी बघायचं, ऐकायचं, तोंडानं म्हणायचं आणि हातानं गिरवायचं, आणि एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं नाही. तुम्ही गुहागरला, पुळण दारात आहे तुमच्या! ओल्या वाळूत बोटानं हातभर मोठा 'घ' काढायचा आणि काढताना मोठ्यानं म्हणायचं, पावसात ताटात तांदळाचं पीठ. पण 'घ' आणि 'ध' एका आठवड्यात घेऊ नका, ही चूक सगळे करतात कारण आपल्याला वाटतं फरक दाखवला की कळेल, आणि मुलाच्या डोक्यात दोघं एकत्रच जाऊन बसतात. आधी घ पक्का, घर, घोडा, घागर, मग पंधरा दिवसांनी ध. शब्द वाचायच्या आधी टाळीनं तोडायचा, ना-र-ळ, तीन टाळ्या. जोडाक्षर आलं की ते सुटं करून म्हणायचं. वीस मिनिटं बस, रोज, आणि शेवट नेहमी त्याला येत असलेल्या गोष्टीनं. लाल पेन घरी ठेवा.

दोन गोष्टी मात्र पाळा. एक, तुम्ही विशेष शिक्षक नाही, मीही नाही, त्याचं वेगळं शिक्षण असतं, तेव्हा गट साधन केंद्रातल्या शिक्षकांना विचारून काम करा आणि महिन्यातून एकदा त्यांना दाखवा. दुसरी, आणि याचा राग मानू नका कारण हे आम्ही सगळ्यांना सांगतो, मुलाबरोबर बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही, पडवीत बसायचं, घरातलं कोणीतरी नजरेच्या टप्प्यात हवं. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की जो चुकीच्या हेतूनं येतो तो आपोआप कटतो.

वेंगुर्ल्याहून : ग्रुपची नोंदणी करावी का? वर्गणी किती ठेवावी?

चहा-साखर आळीपाळीनं आणा. दहा-बारा घरांच्या ग्रुपला संस्था, अध्यक्ष, शिक्का काही लागत नाही. शिक्का आला की अध्यक्ष कोण यावरून भांडण, हे मी आपल्या गावांबद्दल अनुभवानं बोलतेय. उद्या खरंच विशेष शिक्षकाला मानधन द्यायची वेळ आली तर बघू.

एका दहावीतल्या मुलानं लिहिलंय, पत्र छोटं आहे : सगळे म्हणतात कोकणाचा निकाल राज्यात पहिला असतो. मीच नापास झालो तर?

बाळा, तुझ्या या एका ओळीसाठी मी सगळ्या मोठ्यांना थोडं बोलणार आहे. आपल्या कोकण मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ ला ९९.०१ टक्के आणि २०२५ ला ९८.८२ टक्के, पेढे वाटतो आपण, वाटावेत. पण त्यामुळे झालंय असं की जो अडतो तो आपल्याकडे दिसतच नाही, आणि दिसला तर 'अख्ख्या कोकणात तूच एक' असं त्याला वाटतं. तसं नाहीये. काठावर पास झालेले, कॉपी करून घाबरत पास झालेले, आईनं रात्ररात्र बसून पाठ करून घेतलेले, सगळे त्याच आकड्यात आहेत. तुझ्याकडे सर्टिफिकेट असेल तर तुझ्या सरांना उद्याच विचार की माझ्या जादा वेळेचा अर्ज मंडळात गेला का. नसेल तर जुने पेपर कोणाला तरी वाचायला सांग आणि तू तोंडी उत्तरं दे, मोबाइलवर रेकॉर्ड कर, तेच ऐक. आणि नापास झालास तर जून-जुलैमध्ये परत परीक्षा असते, त्याच वर्षी. तुझा पत्ता माझ्याकडे आहे, मी पत्र पाठवतेय, मोठ्या अक्षरात लिहीन.

चिपळूणहून एका इलेक्ट्रिशियन भावांनी व्हॉइस मेसेज पाठवलाय, त्याचा सारांश : वय ३४. मुलीची तपासणी झाली तेव्हा प्रश्न ऐकता ऐकता कळलं की हे सगळं माझंच आहे. आठवीत शाळा सोडली. आता पालकांच्या ग्रुपमध्ये काम करायचंय, पण मीटिंगचं लिहून काढायला सांगितलं तर काय करू, या भीतीनं दोन वेळा दारातून परत आलो.

दादा, तुमचा मेसेज आम्ही मीटिंगमध्ये तुमचं नाव न सांगता सगळ्यांना ऐकवला, राग मानू नका. ऐकून एक वडील बाहेर जाऊन उभे राहिले, बराच वेळ आत आले नाहीत. डिस्लेक्सिया बऱ्याच वेळा घराण्यात चालत येतो, त्यामुळे अशा प्रत्येक ग्रुपमध्ये तुमच्यासारखे एक-दोघे असणारच, फक्त ते सांगत नाहीत, चष्मा विसरलो म्हणतात आणि फॉर्म बायकोकडे देतात.

मीटिंगचं लिहायचं काम तुम्हाला कोणी देणार नाही. आम्ही तर आता लिहीतच नाही, शेवटची पाच मिनिटं कोणीतरी मोबाइलवर बोलून ठेवतं, काय ठरलं, कोण कोणाबरोबर जाणार, आणि तेच ग्रुपवर टाकतो, कारण अर्ध्या पालकांना मराठी टाइप केलेलं लांबलचक वाचायचा कंटाळाच असतो. हे तुम्हीच करा, तुमचा आवाज चांगला आहे. मुलीला तुम्ही सांगितलंय का, की बाबांना पण असंच व्हायचं? आधी तिला सांगा, मग ग्रुपला.

आणि दारातून परत जायचं कारण जर नाव लिहायचं रजिस्टर असेल तर चिपळूणचा ग्रुप चालवणाऱ्या ताईंशी मी बोलले, त्यांनी रजिस्टर काढून टाकलंय. पुढची मीटिंग रविवारी चारला. त्यांच्या पडवीतला ट्यूबलाइट दोन महिने फडफडतोय, येताना टेस्टर घेऊन या.